वाळू द्या, मग बघू

नागोजीराव रंगाऱ्यांनी दुकानात कधी कुठल्या रंगाला छान म्हटलं नाही. त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे कन्नडमधला एक शब्द, 'नडियत्ते'. म्हणजे चालेल. तोही कापड उन्हाकडे धरून, उलटून, पुन्हा धरून, समोरच्याचा जीव पुरेसा टांगणीला लावून झाल्यावर. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात त्यांचं जुन्या साड्यांना नवा रंग देण्याचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या बायकांना हा शब्द ऐकला की घरी जाऊन साखर वाटावीशी वाटे, असं त्यांची बायको रत्नाबाई सांगायची.

दुकान चालू असताना मी ते कधी पाहिलं नाही. मी मूळची नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीमुळे म्हैसूरला आले आणि कुवेंपुनगरात राहून इथलीच झाले. एका मानसोपचाराच्या दवाखान्यात मी यंत्र चालवते. त्याला आठाच्या आकड्यासारखं एक वेटोळं असतं, ते पेशंटच्या डोक्याला टेकवायचं, आणि त्यातून चुंबकाचे ठोके मेंदूच्या एका ठरावीक जागेवर जातात. सुई नाही, भूल नाही, आणि हे शॉक तर नव्हेच. हे शेवटचं वाक्य मला दिवसातून चार वेळा म्हणावं लागतं. गोळ्यांनी ज्यांची उदासी हटत नाही त्यांना हा उपचार देतात. पार्किन्सनच्या पेशंटना ही उदासी पुष्कळदा येते आणि घरच्यांना दिसत नाही, कारण घरचे सगळे हाताकडे बघत असतात.

नागोजीराव गेले, त्याला आता वर्ष होऊन गेलं. छातीत कफ झाला, गिळता येत नव्हतं, जसे हे पेशंट जातात तसे गेले. त्यांच्या जाण्याबद्दल मला काही लिहायचं नाही. ते जवळजवळ परत आले होते, आणि ते फक्त मला दिसलं होतं, आणि मी ते कुठे लिहिलं नाही. म्हणून आता लिहिते आहे.

पहिल्यांदा आले तेव्हा रत्नाबाई एका बाजूला आणि मुलगा मंजू दुसऱ्या बाजूला, असे मधे धरून आणले होते. पांढरा शर्ट, पांढरं धोतर. आयुष्यभर रंगात हात घालणाऱ्या माणसाच्या अंगावर एकही रंग नव्हता. चेहरा असा की त्यावर काही लिहिलेलंच नाही. पार्किन्सनमध्ये चेहरा असा होतोच, त्यामुळे माणूस आतून किती बुडाला आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. रत्नाबाईंनी सांगितलं की आठ महिन्यांत त्यांनी स्वतःहून एक शब्द काढलेला नाही, भिंतीकडे तोंड करून बसतात, विचारलं तर एकच म्हणतात, "बेजार." कन्नडमध्ये कंटाळ्यालाही हाच शब्द आणि दुःखालाही हाच, त्यामुळे घरच्यांनी तो सोयीने कंटाळ्यातच धरला होता.

"टीव्ही लावून दिला, मेडम," मंजू म्हणाला. "सुम्ने बसतेत. टीव्हीकडंपण बघत नाहीत."

सुम्ने म्हणजे उगीच, काही न करता. म्हैसूरच्या मराठीत हा शब्द नसता तर निम्मी वाक्यं अडली असती. कैक पिढ्यांपूर्वी इथे येऊन राहिलेल्या या जुन्या घराण्यांचं मराठी मला सुरुवातीला ऐकून हसू यायचं आणि माझं ऐकून त्यांना. नागोजीरावांनी पुढे एकदा मला सांगितलं की मी बोलते ते पुस्तकातून कापून काढल्यासारखं वाटतं.

यंत्राजवळ बसताना डोक्याजवळ धातू चालत नाही. त्यांच्या दोन्ही कानांत लाल खड्याचं बारीक सोन्याचं कानातलं होतं. बारशाला घातलेलं, तेव्हापासून काढलेलं नाही. मी ते काढा म्हटल्यावर रत्नाबाईंचे हात थबकले. नागोजीरावांनी मात्र मान पुढे केली. काय काढतात, का काढतात, काही विचारलं नाही. रत्नाबाईंना तेल लावून लावून दहा मिनिटं लागली, मग त्यांनी दोन्ही खडे पदराच्या टोकाला बांधले. त्यांना रडू आलं होतं. मला तेव्हा त्याचा थोडा रागच आला, कारण पुढचा पेशंट खोळंबला होता.

पहिल्या दिवशी प्रत्येकाचा जोर ठरवावा लागतो. वेटोळं डाव्या बाजूला टेकवून एकेक ठोका द्यायचा आणि उजव्या हाताचा अंगठा कधी उडतो ते बघायचं. त्यावरून त्या माणसाला किती जोर द्यायचा हे ठरतं. नागोजीरावांचा अंगठा मुळात थांबतच नव्हता. तर्जनीवर अंगठा सारखा फिरत होता, चिमटीत काहीतरी धरून चाचपावं तसा. मी हात उशीवर ठेवला, पार्किन्सनच्या गोळीचा असर चढेपर्यंत थांबले, बोटं जरा शांत झाल्यावर ठोका दिला. अंगठा टुणकन उडाला. नागोजीरावांनी त्या अंगठ्याकडे बघितलं आणि त्या दिवसातलं एकमेव वाक्य बोलले.

"माझ्या मनानं हलत नाही ते. तुमच्या मनानं तर हलूंदे."

त्या चिमटीची गोष्ट मला रत्नाबाईंनी नंतर सांगितली. रंगारी लोक कापडाचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून मळतात, फुंकर मारून वाळवतात आणि मग रंग बघतात. नागोजीरावांच्या बोटांना ही सवय इतकी मुरलेली की लग्नाच्या पंगतीत बसले तरी ते धोतराचा कोपरा चाचपत. त्यामुळे आजार सुरू झाला तेव्हा कुणाला कळलंच नाही. हात रिकामा असतानाही बोटं फिरताहेत हे दोन वर्षं घरातल्या सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांना वाटलं, सवयच ती. "मला तर बरं वाटायचं मेडम," रत्नाबाई म्हणाल्या, "दुकान बंद झालं तरी हातातलं काम सुटलं नाही म्हणून." दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं असतं असं मला वाटत नाही.

दुकान मंजूने बंद केलं होतं. त्याच जागेत आता तो फ्लेक्सचे बोर्ड छापतो, वाढदिवसाचे, पुढाऱ्यांचे, श्रद्धांजलीचे. तांब्याचे हंडे विकले. मंजू वाईट मुलगा नाही, हे मला मुद्दाम लिहिलं पाहिजे. रोज वडिलांना स्कूटरवर मधे बसवून, मागे आईला बसवून आणायचा आणि बाहेर फोनवर गिऱ्हाइकांची बोलणी खात उभा राहायचा. त्याच्या कामाबद्दल नागोजीरावांचं म्हणणं एवढंच होतं की याचा रंग कधी ओलाच होत नाही, मग वाळणार कधी.

कारण ओलं आणि वाळलेलं यावर त्या माणसाचं सगळं जग उभं होतं. ओलं कापड खोटं बोलतं. ते खऱ्यापेक्षा गडद दिसतं, चकाकतं. म्हणून त्यांच्या दुकानात ओल्या कापडाबद्दल कुणी बोलायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही, असा नियम होता. हंड्यात डोकावून कुणी बाई "अय्यो, किती काळं" म्हणाली तर ते झाकण लावत. "वाळू द्या, मग बघू," हे त्यांचं वाक्य. लोक नकला करायचे त्याच्या.

एकदा एक बाई आपला लग्नातला शालू घेऊन आली होती. रंग उडालेला. मुलीच्या लग्नात तोच नेसवायचा, डाळिंबी करून द्या म्हणाली. ठरल्या वेळेच्या आधीच आली आणि दांडीवर टाकलेला ओला शालू बघितला, तर तो जवळजवळ काळा दिसत होता. ती दुकानाच्या पायरीवर बसून रडायला लागली. शेजारचे दुकानदार जमले. रत्नाबाईंनी चहा दिला. नागोजीराव तिच्यासमोर काम करत राहिले आणि दोन तास त्यांनी तोंड उघडलं नाही. शालू वाळला, तसा डाळिंबी झाला. बाईने पाया पडायला वाकून विचारलं, जमलं ना हो? ते म्हणाले, "नडियत्ते."

त्या दिवशी रत्नाबाई नवऱ्यावर भयंकर चिडल्या होत्या. सांगतानाही चिडल्या. "एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? म्हणाले, रंग चुकला असता तर तो शब्द मी परत कसा घेऊ. असं माणूस बघा. स्वतःच्या मुलाला लग्न होईपर्यंत चांगला म्हणाले नाहीत."

मी हसले होते.

उपचार आठवड्यातले पाच दिवस, आधी वीस बैठका. कानात बोळे घालायचे, डोक्यावर टोपी, टोपीवर पेनाने जागा आखलेली, आणि मग टकटकटक ठोक्यांची एक ओळ, थोडं थांबणं, पुन्हा ओळ. वीस बैठका झाल्या की डॉक्टर मॅडम बघणार होत्या, आणि फरक दिसत असेल तर आणखी दहा वाढवणार होत्या. फरक नसेल तर थांबायचं. हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. नागोजीरावांनाही सांगितलं होतं, पण तेव्हा त्यांच्या कानात काही शिरत नव्हतं.

फरक मोजायला आमच्याकडे एक प्रश्नपत्रिका असते. दर शुक्रवारी मीच ती भरून घेते. मन उदास असतं का, झोप लागते का, कशात रस वाटतो का, आपण ओझं झालो आहोत असं वाटतं का, जगावंसं वाटतं का. पहिल्या शुक्रवारी शेवटच्या प्रश्नाला त्यांनी धोतराचा कोपरा चिमटीत धरला. मग म्हणाले, "कापडच फाटल्यावर रंगाचं कोण विचारतं?" मी पेन खाली ठेवलं. हे वाक्य मी लिहिलं आणि मॅडमना ताबडतोब दाखवलं. त्याच दिवशी मॅडमनी मंजू आणि रत्नाबाईंना बसवून नागोजीरावांना एकटं सोडायचं नाही, गोळ्या त्यांच्या हाताला लागू द्यायच्या नाहीत, हे बजावलं. म्हणजे वाईट काही असलं की ते लिहायचं असतं, हे मला चांगलं कळत होतं.

दुसऱ्या शुक्रवारी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "तसंच." मी मागच्या आठवड्याचे आकडे पुन्हा उतरवले.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी ठोके चालू असताना नागोजीराव बोलले. मला वाटलं काही दुखतंय, मी यंत्र थांबवलं. दुखत नव्हतं. ते म्हणत होते, "आमचा आजा असेच ठसे मारायचा. दहा मारायचे, थांबायचं, ठशाला रंग घ्यायचा, परत दहा." मी म्हटलं, छान. यंत्र पुन्हा सुरू केलं. बुधवारी त्यांनी माझ्या खोलीच्या पडद्याला नावं ठेवली. पडदा फिका हिरवा आहे, दवाखान्यात असतो तसा. त्यांचं म्हणणं की हा रंग दोन रंगांच्या उरलेल्या पाण्यात बुडवून काढलेला आहे. गुरुवारी माझी ओढणी. अबोली म्हणून घेतली होती. त्यांनी दोन बोटांत कोपरा धरला, मळला, आणि म्हणाले, "कोणी दिली?"

"विकत घेतली."

"परत देऊन या."

नवऱ्यानेही माझ्या कपड्यांकडे इतक्या लक्षपूर्वक कधी बघितलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोरपंखी कुडता घालून गेले, तर तोही नापास. मग तो आमचा खेळच झाला. रोज कपाटापुढे उभं राहून मी विचार करायची, आज काय घातलं तर म्हातारा चालेल म्हणेल. कधी म्हणाले नाहीत. बैठक संपल्यावर आता ते स्वतःहून रत्नाबाईंकडे हात पुढे करायचे, खडे मागायचे, घालून झाले की माझ्याकडे वळून विचारायचे, सरळ बसलेत का. घरी पोचेपर्यंत त्यांना दम निघत नसे.

आणि शुक्रवारी विचारलं की, "तसंच."

चौथ्या आठवड्यात एक दिवस त्यांनी मला सोसलेची गोष्ट सांगितली. सोसले हे म्हैसूरजवळचं गाव, तिथल्या बाजूला एका मठात संन्याशांची भगवी वस्त्रं यांच्या घरातून रंगून जायची. नागोजीराव विशीत असताना वडिलांनी पहिल्यांदा ते काम त्यांच्यावर सोपवलं. बारा वस्त्रं. हंड्यातून काढल्या काढल्या तो रंग त्यांना इतका आवडला की मठातून आलेल्या म्हाताऱ्या स्वामींच्या सेवकाला ते म्हणाले, छान जमलंय, स्वामींना सांगा. तो सेवक निघून गेला. वस्त्रं वाळली आणि त्यांत लाल चढला. वडिलांनी एकेक वस्त्र उचलून बघितलं आणि विचारलं, "संन्याशांची लग्नं ठरलीत काय?" मग त्यांनी नागोजीरावांना बारा वस्त्रं डोक्यावर देऊन सोसलेला पाठवलं, चुकलं म्हणून स्वतः सांगायला. मठात कुणी रागावलं नाही. उलट जेवायला घातलं. "ते जेवण गळ्याखाली जाईना," नागोजीराव म्हणाले. "रागावले असते तर बरं होतं. त्या दिवशी ठरवलं, ओल्यावर बोलायचं नाही. आपलं असो की परक्याचं."

हे सांगताना ते हसले. त्या चेहऱ्यावर हसू उमटायला जागा उरलेली नव्हती, तरी डाव्या गालाशी ते आलं, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत राहिलं. बाहेर बसलेल्या रत्नाबाई आवाज ऐकून दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. वर्षभरात तो आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी प्रश्नपत्रिका काढली. मन उदास असतं का?

"तसंच."

"असं कसं? काल तर हसलात."

"काल ओलं होतं," ते म्हणाले. "वाळू दे, मग बघू."

मला हसू आलं. खरंच आलं. हा माणूस आता आपल्या मनालाही दांडीवर टाकून वाट बघतोय, असं मनात येऊन मला गंमत वाटली, आणि मी मागच्या शुक्रवारचे आकडे समोर ठेवून तेच पुन्हा लिहिले. पानाच्या तळाशी 'इतर नोंदी' म्हणून तीन रिकाम्या ओळी असतात. पडदा, ओढणी, कानातले खडे, सोसले, सगळं त्या तीन ओळींत मावलं असतं.

सोमवारी मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. मी फाइल घेऊन दाराशी उभी होते. मॅडम चांगल्या आहेत, घाईत असतात, पण चांगल्या आहेत. त्यांनी चार शुक्रवारचे आकडे बघितले. मंजूला विचारलं, घरी कसे आहेत?

"हात तसाच हलतोय, मेडम. काय फरक नाही."

मॅडमनी समजावलं की हा उपचार हातासाठी नाही, मनासाठी आहे. मंजूने मान डोलावली आणि पुन्हा वडिलांच्या हाताकडे बघितलं. रत्नाबाई म्हणाल्या, "जरा बोलतेत." मग नवऱ्याकडे बघून थांबल्या, कारण त्या घरात नागोजीरावांच्या आधी कुणी बोलायचं नसे. मॅडमनी नागोजीरावांनाच विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?

ते जरा सावरून बसले. "आत्ताच काय सांगायचं," ते म्हणाले. "वाळायला वेळ लागतो."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मंजू त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलत होता, नागोजीराव मात्र मराठीतच बोलले होते. मॅडम बंगळूरच्या, त्यांना मराठी येत नाही, आणि अशा वेळी मी दुभाषी असते. मी सांगितलं, अजून काही सांगता येत नाही म्हणतात.

हे भाषांतर चूक नव्हतं. मी कितीदा तरी ते मनात तपासून बघितलं आहे. शब्दाला शब्द बरोबर होतं. आणि एवढं बोलून मी गप्प बसले, कारण पेशंटला काय वाटतं ते सांगणं माझं काम होतं, मला काय दिसतं ते कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, मॅडमसमोर ओढणीच्या गोष्टी सांगायची मला लाज वाटली. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, निराश होऊ नका, गोळ्या बदलून बघू. मंजूने नमस्कार केला.

जाताना नागोजीराव माझ्या खोलीच्या दारात थांबले. खुर्चीकडे बघितलं. खुर्चीत दुसरा पेशंट बसला होता.

"आज नाही?"

"नाही. वीस झाल्या ना. संपलं आता."

"संपलं काय?" ते म्हणाले. "मला वाटलं अजून दोन-तीन वेळा बुडवायचं राहिलंय."

मंजूने त्यांना धरून पुढे नेलं. मला त्या क्षणी सगळं समजलं, तरी मी वेटोळं उचलून त्या दुसऱ्या पेशंटच्या डोक्याला टेकवलं.

मॅडमना मी नऊ दिवसांनी सांगितलं. हे नऊ दिवस मी काय करत होते, ते मला सांगता येत नाही. रोज सांगू म्हणायची आणि रोज काहीतरी निघायचं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फाइल मागवली, ती रिकामी जागा बघितली, आणि तिथल्या तिथे मंजूला फोन लावला की घेऊन या, पुन्हा सुरू करू. तो म्हणाला, सीझन आहे मेडम, पुढच्या आठवड्यात आणतो. पुढच्या आठवड्यात नागोजीराव न्हाणीघरात पडले. मग पाय प्लॅस्टरमध्ये. मग पाऊस. मी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा मंजू जरा तुटकपणे म्हणाला की अप्पाच नको म्हणतात, आणि तसे आता शांत आहेत, काही त्रास नाही.

शांत आहेत हे ऐकून मी रविवारी त्यांच्या घरी जायचं ठरवलं. त्यांना परत खुर्चीत बसवायचं, एवढंच डोक्यात होतं. मंजूला समजावून काही होणार नव्हतं. म्हाताऱ्याने स्वतः चला म्हटलं पाहिजे, आणि म्हाताऱ्याला उठवायचा एकच मार्ग मला माहीत होता. माझ्याकडे एक राघू रंगाची साडी आहे. वहिनीने दिलेली. पोपटी म्हणावी तर पिवळट, तिला जांभळे काठ, आणि काठाचा रंग पहिल्याच धुण्यात अंगात उतरून जागोजागी मळकट ढग झालेले. मी ती बाहेर कधी नेसले नव्हते. ती नेसून मी लष्कर मोहल्ल्यात गेले. बसमध्ये बायका बघत होत्या.

खाली मंजूचं यंत्र चालू होतं. वरच्या खोलीत रत्नाबाईंनी मला बसवलं. नागोजीराव खिडकीशी होते, भिंतीकडे तोंड नव्हतं, हे बघून मला आधी बरं वाटलं. वाळून गेले होते. कानांत खडे नव्हते. रत्नाबाई म्हणाल्या, पाय मोडला तेव्हा हॉस्पिटलात काढले ते काढूनच ठेवले, यांनीपण विचारलं नाही.

मी खुर्ची ओढून अगदी समोर बसले, उजेडात. पदर मुद्दाम त्यांच्या गुडघ्यावर टाकला.

"ओळखलंत का, काका? दवाखान्यातली. पडद्याला नावं ठेवायचात ते."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या बोटांत पदराचा कोपरा आला होता. अंगठा तर्जनीवर फिरत होता आणि कापड आपोआप मळलं जात होतं. मी वाट बघितली.

"कशी आहे साडी?" मी विचारलं. "खरं सांगा."

त्यांनी साडीकडे बघितलं. ढगांकडे, काठाकडे, पुन्हा ढगांकडे. मग माझ्याकडे बघून, कुणा पाहुणीशी बोलावं तसं म्हणाले,

"छान आहे."

पुन्हा यायचं का दवाखान्यात, असं मी विचारलं असेन, कारण "तुम्ही म्हणाल तसं" असं ते म्हणाल्याचं मला आठवतं. रत्नाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"बघा मेडम, किती चांगलं बोलले," त्या म्हणाल्या. "आता कुणाला काही नावं ठेवत नाहीत. मंजूच्या बोर्डालापण परवा छान म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो रडलाच."

मी हो म्हटलं. पदर त्यांच्या चिमटीतून सोडवून घेतला. चहा प्यायले.